हवाई दलात अधिकारी व्हायचंय? सोलापूरच्या मुलामुलींनी तयारीचा क्रम असा ठेवावा

सोलापुरात ‘एअरफोर्सची भरती’ म्हटलं की बहुतेक घरांत अग्निवीरवायूचीच चर्चा होते. ती वाट चांगलीच आहे, पण वेगळी आहे. हा लेख उड्डाण शाखेत, म्हणजे विमान किंवा हेलिकॉप्टर उडवणारा अधिकारी म्हणून हवाई दलात जाऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. दहावीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत कुठेही असाल तरी तुमच्या टप्प्यापासून सुरुवात करता येते.

आपल्याकडे तयारीचा क्रम बहुधा उलटा असतो. आधी क्लासची फी भरली जाते, मग पुस्तकं येतात, मग परीक्षा होते आणि सगळ्यात शेवटी वैद्यकीय तपासणी. दोन वर्षं खपून, आई-वडिलांचे पैसे खर्चून मुलगा तिथवर पोचतो आणि तेव्हा कळतं, की डोळ्याला मायनस नंबर आहे, किंवा बारावीला गणितच नव्हतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ही गोष्ट एका दुपारी कळण्यासारखी असते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: आधी शरीर, मग कागद, मग पुस्तक.

आधी शरीर

सोलापुरातल्या कुठल्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञाकडे किंवा सिव्हिलच्या नेत्र विभागात जा आणि स्पष्ट सांगा, की हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी तपासायचं आहे. नुसता तक्ता वाचून भागत नाही. डोळ्यांत थेंब टाकून नंबर काढून घ्या आणि रंगदृष्टीही तपासून घ्या. ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे ओळखायचं पुस्तक असतं, तेच. उड्डाण शाखेला एक डोळा चष्म्याशिवाय ६/६ आणि दुसरा ६/९ असला तरी चालतो, पण ६/९ चा डोळा ६/६ पर्यंत सुधारता यायला हवा आणि ही सवलत फक्त प्लस नंबरसाठी आहे. लांबचं अंधूक दिसत असेल, म्हणजे मायनस नंबर असेल, तर उड्डाण शाखा अवघड. लेसर करून नंबर घालवू असं बरेच जण म्हणतात. त्याला अटी आहेत, आणि वयाची २० वर्षं पूर्ण व्हायच्या आत केलेली शस्त्रक्रिया धरली जात नाही. भरतीच्या जाहिरातीतलं या अटींचं पान डॉक्टरांना वाचायला दिल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नका.

पुढची मापं घरीच घेता येतात. उंची किमान १६२.५ सेंटिमीटर, मुलींनाही तीच. भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर ताठ बसा. जमिनीपासून डोक्यापर्यंतचं माप ८१.५ ते ९६ सेंटिमीटरच्या दरम्यान हवं. तसंच बसून पाय सरळ पसरा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ९९ ते १२० सेंटिमीटर, आणि भिंतीपासून गुडघ्यापर्यंतचं ६४ पेक्षा जास्त नको. कॉकपिटमध्ये पाय पेडलपर्यंत पोचले पाहिजेत आणि गरज पडली तर आसनासकट बाहेर फेकलं जाताना गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटता कामा नयेत, म्हणून ही मापं आहेत. इथे शिफारस, ओळख, विनंती काही चालत नाही. एकट्यानं माप चुकतं, घरातल्या कुणाला तरी टेप धरायला सांगा.

टॅटूबद्दलही आत्ताच सांगतो. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला असेल तर चालतो, इतर ठिकाणचा अडचणीचा ठरतो. आदिवासी जमातींच्या परंपरागत गोंदणासाठी वेगळी सवलत आहे. गड्ड्याच्या यात्रेत मित्रांबरोबर मानेवर किंवा दंडावर नाव कोरून घेण्याआधी हे लक्षात ठेवा.

डोळ्याला नंबर निघाला तर दार बंद झालं असं समजू नका. टेक्निकल शाखा आणि ग्राउंड ड्युटीच्या शाखा, म्हणजे प्रशासन, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, शिक्षण, हवामान, इथे ठराविक नंबरापर्यंत चष्मा चालतो. गणवेश तोच, अकादमी तीच, हुद्दाही तोच. पुढची बहुतेक तयारीही सारखीच आहे.

अकरावीचा अर्ज भरताना

दहावीच्या मुलांच्या पालकांनी हा परिच्छेद जरूर वाचावा. उड्डाण शाखेला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय लागतात. पदवीनंतर जायचं असेल तर बारावीत या दोन्ही विषयांत वेगवेगळे किमान ५० टक्के हवेत. बारावीनंतर एनडीएतून, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, हवाई दलात जायचं असेल तर बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हवं. आपल्याकडे मेडिकलचा विचार मनात असला की गणित सोडून जीवशास्त्रावर भर देतात. मन पक्कं झालं नसेल तर दोन्ही ठेवा. सुटलेलं गणित पुढे कुठल्याही पदवीनं भरून निघत नाही.

दहावीतच ठरलं असेल तर राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था बघा. छत्रपती संभाजीनगरला ती १९७७ पासून आहे. तिथे मुलांना अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ पासून नाशिकला सुरू झाली आहे. प्रवेशासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत असते आणि जाहिरात दहावीचं वर्ष चालू असतानाच येते. बोर्डाच्या परीक्षेच्या गडबडीत ती नजरेतून सुटते.

कोणत्या दारानं जायचं

बारावीला असाल किंवा बारावी झाली असेल आणि वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या दरम्यान असेल तर एनडीए. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. मुलींसाठीही हे दार आता उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ पासून मुली खडकवासल्याला दाखल होऊ लागल्या.

पदवीधर असाल, किंवा शेवटच्या वर्षाला असाल आणि एकही विषय मागे राहिलेला नसेल, तर एएफकॅट. ही हवाई दलाची स्वतःची परीक्षा. उड्डाण शाखेला वय २० ते २४, ग्राउंड ड्युटीला २० ते २६. कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर उड्डाण शाखेलाही २६ पर्यंत. पदवीला ६० टक्के लागतात, मग ती कुठल्याही शाखेची असो किंवा बीई-बीटेक. म्हणजे बारावीला गणित-भौतिक चांगलं असेल तर दयानंद किंवा संगमेश्वरमधून बीए, बीकॉम करणाराही उड्डाण शाखेत जाऊ शकतो. हे फार थोड्यांना माहीत असतं. एएफकॅटमधून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठराविक वर्षांची अधिकारी नोकरी, उड्डाण शाखेला १४ वर्षांची.

तिसरं दार यूपीएससीच्या सीडीएस, म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षेचं आहे, तेही पदवीनंतरचं. चौथं एनसीसीचं. एअर विंग सीनियर डिव्हिजनचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षा न देता थेट मुलाखत मंडळापुढे जाता येतं. इथे बरेच जण चकतात, कारण आर्मी विंगचं ‘सी’ प्रमाणपत्र या दाराला चालत नाही. कॉलेजात एनसीसीला नाव देतानाच विचारून घ्या. आर्मी विंगची एनसीसी वाया जात नाही, तिचा उपयोग पुढे मुलाखतीत होतो. फक्त थेट मुलाखतीची सवलत मिळत नाही.

नौदल आणि भूदलालाही स्वतःची विमानं-हेलिकॉप्टरं आहेत, भूदलाची त्याची प्रशिक्षण शाळा तर आपल्या नाशिकला आहे. त्या वाटा वेगळ्या जाहिरातींनी उघडतात, म्हणून इथे फक्त उल्लेख करतो.

मग कागद

एएफकॅटची जाहिरात साधारण नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जूनमध्ये येते, एनडीएची डिसेंबर आणि मेमध्ये. अर्ज महिनाभराच्या आत भरायचा असतो आणि तेवढ्या वेळात नावातली चूक दुरुस्त होत नाही. म्हणून सहा महिने आधी एका संध्याकाळी दहावीची गुणपत्रिका, दहावीचं प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड टेबलावर शेजारी-शेजारी मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवा. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, आधारवर बहुधा स्वतःचं नाव आधी. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड आडनावं भरपूर आहेत आणि त्यांचं इंग्रजी स्पेलिंग शाळेनं एक लिहिलेलं असतं, आधार केंद्रानं दुसरं. वडिलांच्या नावापुढे एका ठिकाणी ‘अप्पा’ असतं, एका ठिकाणी नसतं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. जन्मतारीखही तिथलीच धरली जाते.

पदवीला सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर करण्याचा विद्यापीठाचा नियम किंवा पत्र मागून ठेवा. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात एका हेलपाट्यात काम होईल असं धरून चालू नका, वेळ हाताशी ठेवा.

अर्ज शक्यतो स्वतः भरा. ई-सेवा केंद्रात किंवा नेट कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. केंद्रचालक घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, मग प्रवेशपत्र त्याच्याकडे येतं आणि मुलाखत मंडळापुढे जायची तारीख निवडायची वेळ आली की तुम्ही त्याला शोधत फिरता. अर्ज भरला की त्याची प्रत छापून फाइलला लावा, कारण मंडळापुढे जी माहिती द्याल ती या अर्जाशी जुळावी लागते.

अधिकारी भरतीत जातनिहाय आरक्षण नाही, त्यामुळे जात पडताळणीसाठी धावपळ करायची गरज नाही.

लेखी परीक्षा

हा भाग सगळ्यांना सगळ्यात मोठा वाटतो, माझ्या मते सगळ्यात सोपा आहे. एएफकॅट म्हणजे संगणकावर २ तासांत १०० प्रश्न, ३०० गुण. बरोबर उत्तराला ३, चुकलेल्याला १ वजा. इंग्रजी, अंकगणित, सामान्य ज्ञान आणि तर्क. गणित दहावीच्या वरचं फारसं नसतं, पण वेळ कमी असतो. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवणं हीच तयारी. एनडीए जास्त कठीण: गणित ३०० गुणांचं आणि सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची, दोन्हींना अडीच-अडीच तास. त्यात अकरावी-बारावीचं गणित खरोखर पक्कं लागतं.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची भीती वाटते. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातली एकच बातमी मोठ्यानं वाचा आणि मग पेपर मिटून तीच बातमी स्वतःच्या वाक्यांत कुणाला तरी सांगा. घरी मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात कन्नड आणि हिंदी असं आपल्याकडचं पोरगं सहज बोलतं. ज्याची जीभ चार भाषांना वळते त्याला पाचवी जड नाही, बोलायची सवय लागली पाहिजे एवढंच.

मंडळापुढचे दिवस

खरी निवड इथे होते. हवाई दलाची निवड मंडळं डेहराडून, मैसूर, गांधीनगर, वाराणसी आणि कांचरापाडा इथे आहेत. एएफकॅट पास झाल्यावर ठिकाण आणि तारीख ऑनलाइन निवडता येते, जागा भरायच्या आत निवडा. सोलापूरकरांना मैसूर सोयीचं, गोलगुंबज एक्स्प्रेस थेट जाते. एनडीए, एएफकॅट अशा त्या-त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच जात असाल तर रेल्वेचं भाडं परत मिळतं. तिकीट जपून ठेवा.

पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते आणि एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवलं जातं. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. इथेच बरेच जण त्याच दिवशी परत पाठवले जातात. गटचर्चेत सगळे एकदम ओरडतात. तिथे आवाज वाढवू नका, आणि गप्पही बसू नका. दोन-तीन वेळा थोडक्यात, मुद्द्याचं बोला आणि दुसऱ्याचं चांगलं वाटलं तर तसं म्हणा.

जे राहतात त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या होतात. चित्रांवर कथा, त्यात एक स्लाइड पूर्ण कोरी. ६० शब्द, प्रत्येकावर १५ सेकंदांत एक वाक्य. ६० प्रसंग, तिथे तुम्ही काय कराल ते ३० मिनिटांत लिहायचं. शब्द ‘आग’ आला तर बरेच जण ‘आग धोकादायक असते’ असं लिहितात. त्यात लिहिणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. ज्यानं शेजारच्या गोदामात धूर दिसल्यावर मेन स्विच बंद केलेला आहे तो आपोआप वेगळं लिहितो. पाठ केलेली वाक्यं ६० शब्दांत एकसारखी दिसायला लागतात आणि तपासणारे ती वर्षानुवर्षं वाचत आलेले असतात.

मंडळात पोचल्या पोचल्या एक माहितीपत्रक भरायला देतात, त्याला पीआयक्यू म्हणतात. वडिलांचा व्यवसाय, घरातली माणसं, गुण, खेळ, छंद, घेतलेल्या जबाबदाऱ्या, आधी कुठे मुलाखत दिली होती का. मुलाखत घेणारा अधिकारी हेच पत्रक हातात धरून बसतो. छंदात ‘वाचन, प्रवास, क्रिकेट’ लिहिणारे शेकडो असतात. ‘वाचन’ लिहिलं तर शेवटचं पुस्तक कोणतं, त्यातलं काय पटलं नाही, हे विचारलं जाणार. समजा घरी चार यंत्रमाग आहेत आणि शनिवार-रविवार तुम्ही बघता. सूत किती आलं, कुठल्या मागाचा बीम संपत आला, कामगारांचा आठवड्याचा हिशेब, वीज गेली तर ऑर्डर पुढे ढकलायची की रात्रपाळी लावायची. हे सगळं तुम्हीच ठरवत असाल तर जबाबदारीच्या रकान्यात तेच लिहा. पुष्कळ मुलांना याची लाज वाटते आणि ती कुठल्या तरी शिबिरात स्वयंसेवक होतो असं लिहितात, जिथे एक दिवस गेलेले असतात. माग सांभाळणाऱ्या पोराला अधिकारी तासभर प्रश्न विचारू शकतो आणि त्याचं एकही उत्तर खोटं पडत नाही.

मैदानावरची कामं म्हणजे फळ्या, दोर, पिंपं घेऊन गटानं अडथळा ओलांडणं, एकट्यानं अडथळे पार करणं, नकाशावर योजना आखणं, आणि दिलेल्या विषयांतून एक निवडून तीन मिनिटं बोलणं. हे शिकवून फारसं येत नाही, खेळून येतं. खो-खो, कबड्डी, फुटबॉल, काहीही, संघात खेळा. शारीरिक तयारी किमान एवढी असावी: १.६ किलोमीटर १० मिनिटांत, १० पुशअप, ३ चिनअप. एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात सकाळी सहाच्या आतच पार्क स्टेडियमवर या, नंतर शरीराचं नुकसानच होतं.

गावाबद्दल हमखास विचारतात, आणि ‘चादरीसाठी प्रसिद्ध’ एवढ्यावर उत्तर संपतं. मार्शल लॉ भोगलेलं हे शहर आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं, म्हणून चार हुतात्म्यांचा पुतळा चौकात उभा आहे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस इथलेच. उजनीचं पाणी कुणाला मिळतं आणि उसाला किती लागतं, यावर तुमचं स्वतःचं मत असू द्या. हवाई दलाबद्दलही जवळून सुरुवात करा. पुण्याच्या लोहगावला सुखोई आहेत, बिदरला हॉक विमानांवर वैमानिक घडतात, आणि मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. ते का इतकी वर्षं ठेवावं लागलं आणि त्याची जागा कोण घेतंय, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

मार्गदर्शन हवं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. राज्य सरकारचं नाशिकरोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे एनडीए-सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेल्यांना आणि एनसीसीच्या पात्र छात्रांना मुलाखतीची तयारी राहण्या-जेवणासह मोफत करून देतात. आधी हे विचारा, हजारो रुपयांच्या खासगी क्लासचा विचार नंतर.

एकदाच मिळणारी चाचणी

उड्डाण शाखेच्या उमेदवारांची आणखी एक चाचणी असते, सीपीएसएस. त्यात विमानातल्या उपकरणांचे आकडे वाचणं आणि यंत्रावर स्टिक व पेडल एकाच वेळी सांभाळणं बघतात. ही आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालात तर उड्डाण शाखा कायमची बंद, मग एनडीएतून आलेले असा की पदवीनंतर. म्हणून ‘अनुभवासाठी एकदा जाऊन येऊ’ हा सल्ला उड्डाण शाखेच्या उमेदवारानं ऐकू नये. तापात, जागरण करून किंवा रात्रभर जनरलच्या डब्यात उभं राहून तिथे जाऊ नका. आदल्या दिवशी पोचा आणि झोपा. चाचणीपूर्वी दिलेली सूचना शब्दन् शब्द ऐका, न कळलेलं तिथेच विचारा.

वैद्यकीय आणि यादी

शिफारस झाली की नवी दिल्ली किंवा बंगळूरूला तपासणी. डोळे आणि मापं तुम्ही आधीच बघितलेली आहेत. राहतात त्या छोट्या गोष्टी, ज्यांनी तात्पुरतं अपात्र ठरवलं जातं: कानातला मळ, किडलेले दात, नाकाचा वाकलेला पडदा, जास्त वजन. या महिना-दोन महिने आधी मिटवता येतात. अपात्र ठरवलं तर कारण लेखी मिळतं आणि अपील करता येतं. त्याची मुदत तिथेच विचारून लिहून घ्या.

यानंतर लेखी आणि मंडळाचे गुण मिळून देशभराची गुणवत्ता यादी लागते. शिफारस होऊन, वैद्यकीय पास होऊनही जागा कमी असल्यानं नाव न येणं शक्य आहे, म्हणून लेखीत नुसतं पास होण्यावर थांबू नका. नाव आलं की एएफकॅट आणि सीडीएसवाल्यांना हैदराबादजवळ डुंडिगलच्या हवाई दल अकादमीत जावं लागतं, एनडीएवाले आधी खडकवासल्याला आणि नंतर तिथेच. उड्डाण शाखेचं प्रशिक्षण साधारण ६२ आठवड्यांचं असतं आणि त्या काळात महिन्याला ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. प्रशिक्षणाची फी भरावी लागत नाही. ‘पायलट व्हायला लाखो रुपये लागतात’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगा.

मंडळानं परत पाठवलं तर परतीच्या गाडीतच वही काढा. गटचर्चेत किती वेळा बोललात, मुलाखतीत कुठे अडखळलात, कुठल्या प्रश्नाला माहिती नव्हती आणि कुठल्याला धीर नव्हता, हे सगळं आठवतंय तोवर लिहा. पुढच्या वेळी पीआयक्यूमध्ये ही मुलाखत नोंदवावीच लागते आणि अधिकारी विचारणार, की मधल्या काळात काय बदललं.